रेडिओतली टिकटिक, झटका मशीन आणि जागल

वावरातला_वायरमन (धागाकर्ता)
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

हरभरा घाट्यावर आहे, तूर शेंगेत आहे, म्हणजे आमच्याकडे जागल सुरू आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: रोही (नीलगाय) आणि रानडुकरं पीक खाऊ नयेत म्हणून रात्री वावरात मुक्काम करायचा. मचाणावर गोधडी, शेकोटीला तुराट्या, आणि हल्ली सोबतीला इतकी यंत्रं की आजोबा असते तर इथे दुकान टाकलं का म्हणून विचारलं असतं. कुंपणाच्या तारेत ठोक्याठोक्याने विजेचा झटका सोडणारी झटका मशीन, तिची बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलर पॅनल, मेमरी कार्डवर चालणारा भोंगा, मोबाईल, पॉवर बँक. शिवाय माझा सेलवर चालणारा रेडिओ, ज्याला घरचे सगळे हसतात.

आधी भोंग्याबद्दल, कारण आमच्या शिवारातलं सगळ्यात मजेशीर माध्यम तेच आहे. बाजारातल्या भोंग्यात कुत्र्याचं भुंकणं, वाघाची डरकाळी, फटाके असं भरूनच मिळतं. डुकरं थोडे दिवस बिचकतात, मग त्याच्याच खाली उकरत बसतात. धुऱ्यापलीकडच्या (बांधापलीकडच्या) शेजाऱ्याने म्हणून स्वतःच्या आवाजात शिव्या रेकॉर्ड केल्या आहेत. मधेच तो खोकतो, मधेच घरात कुणाला तरी ‘च्या ठेव’ म्हणतो, तेही त्यात आलंय. रात्री दोन वाजता शिवारभर ‘च्या ठेव’ घुमतं. डुकरांना काय वाटतं देव जाणे, आम्हाला मात्र तलफ येते.

आता रेडिओ. आकाशवाणी नागपूर मिडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला लागतं. १९४८ पासूनचं केंद्र, आमच्या तीन पिढ्यांनी ऐकलेलं. पण गावात, घरात, ते ऐकू येईनासं झालंय. नुसती घरघर. वावरात तेच केंद्र स्वच्छ. आणि गावातसुद्धा लाईन गेली रे गेली की स्वच्छ! लोक लाईन गेली की करवादतात, मी रेडिओ लावतो.

कारण काही गूढ नाही. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, डिशचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, या बहुतेकांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारं सर्किट असतं. त्यातून निघणारा विद्युत कचरा बाहेर पडू नये म्हणून चांगल्या मालात फिल्टर बसवतात. स्वस्तातल्या मालात पहिली काटछाट नेमकी तिथेच होते. मग तो कचरा घरच्या वायरिंगवर चढतो, वायरिंग अँटेनासारखं वागतं, आणि मिडियम वेव्हचा पट्टा भरून जातो. लोक म्हणतात रेडिओचे दिवस गेले. केंद्र जिथे होतं तिथेच आहे, गोंगाट आपण घराघरांत आणलाय.

यंदा वावरातही ५८५ वर टक्… टक्… सुरू झालं. सेकंद-सव्वा सेकंदाला एक. म्हणजे उघड झटका मशीनचा ठोका. पण मशीन गेल्या साली होती तीच, रेडिओही तोच, आणि गेल्या साली हा आवाज नव्हता. शिवाय मध्यरात्रीनंतर दहिवर पडलं की तो वाढायचा आणि सकाळी ऊन चढलं की कमी व्हायचा. ओलीबरोबर वाढतोय म्हटल्यावर तारेतून कुठेतरी करंट गळतोय हे नक्की. गळती जिथे, ठिणगी तिथे. आणि ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ केंद्रच. सगळ्यात पहिला बिनतारी संदेश ठिणग्या पाडूनच गेला होता.

मग असं केलं. रेडिओचा बाहेरचा दांडा मिटवला. मिडियम वेव्हला तो लागतच नाही, त्यासाठी आत फेराइटची, म्हणजे काळ्या चुंबकीय पदार्थाची, कांडी असते. काटा केंद्र नसलेल्या रिकाम्या जागी आणला, आवाज वाढवला, आणि तारेपासून हातभर दूर राहून धुऱ्याधुऱ्याने चालत निघालो. बराच वेळ सगळीकडे सारखीच मंद टिकटिक. नाल्याकडच्या कोपऱ्यावर आलो आणि टक् चा एकदम फटाका झाला. तिथे बांबूला तार बांधताना मधे घातलेला पाइपचा तुकडा उन्हाने चिरला होता, चिरेत ओल, आणि तार जवळजवळ बांबूलाच टेकलेली. हातातली बॅटरी विझवल्यावर दर ठोक्याला निळी ठिणगी दिसत होती, मोहरीएवढी. मशीन बंद करून तुकडा बदलला, ५८५ मोकळं झालं. शिवाय तारेच्या शेवटच्या टोकाला झटक्याचा जोर वाढला, जो बरेच दिवस कमी वाटत होता आणि ज्याच्यासाठी मी नवी बॅटरी घ्यायला निघालो होतो.

वस्तू घेताना ती काय देते ते दुकानदार सांगतो. ती आपल्या घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूचं काय खाते ते कुणीच सांगत नाही. तुमच्याकडे कुठल्या यंत्राने कुठलं यंत्र बिघडवलं? लिहा. विषय सोडून लिहिलं तरी चालेल, रात्र मोठी आहे.

खट्याळ_रोही

भाऊ, ‘च्या ठेव’ वाचून हसून हसून पोट दुखलं. आमच्या इकडं एकानं भोंग्यात भजनं टाकली व्हती. डुकरं गेले नाई, पन शेजारच्या वावरातले म्हातारे येऊन बसाले लागले. जागल फुकटात झाली त्याची.

वणीची_पुणेकर

वाचताना हरभऱ्याच्या घाट्यांची आंबट चव आली तोंडाला. एक बाळबोध प्रश्न: आकाशवाणीचं ॲप आहे ना, न्यूजऑनएअर? मी इथे पुण्यात बसून नागपूर ऐकते, घरघर नाही की टिकटिक नाही. आणि मोबाईलमध्ये एफएम असतं तसं मिडियम वेव्ह का देत नाहीत?

वावरातला_वायरमन

@वणीची_पुणेकर, ॲप चांगलं आहे, मीही वापरतो. पण आमच्या वावरात नेटवर्क मचाणाच्या एकाच कोपऱ्यात येतं, आणि तिथे मोबाईल टांगला की गोधडीत मी नसतो.

मोबाईलमध्ये मिडियम वेव्ह न देण्याचं कारण लांबीत आहे. ५८५ किलोहर्ट्झची लहर साधारण ५१३ मीटर लांबीची. एफएमची तीन मीटरच्या आसपास. एफएमला हेडफोनची वायर अँटेना म्हणून पुरते, म्हणूनच जुन्या फोनला हेडफोन खोचल्याशिवाय एफएम लागायचं नाही. मिडियम वेव्हला फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार लागते, ती पातळ फोनमध्ये मावणार कुठे? आणि मावली तरी फोनच्या स्क्रीनचा आणि प्रोसेसरचा गोंगाट तिच्या अगदी उशाशी. खात्री करायची तर चालू रेडिओजवळ मोबाईल नेऊन बघा.

पानठेला_चौक

ॲपचा विषय निघालाच तर सांगतो. मॅच असली की आमच्या ठेल्यावर रेडिओवर कॉमेंट्री चालू असते आणि पोट्टे बाकावर मोबाईलवर मॅच पाहून रायले असतात. रेडिओवर सिक्स झाला की मी वरडतो, त्यायच्या मोबाईलमधे बॉलर तेव्हा रनअप घेऊन रायला असते. इंटरनेटवरून यायला अर्धा-पाऊण मिनिट सहज मागं. पयले पोट्टे चिडत, मंग शहाणे झाले. आता जो नवा येते त्याच्यासंगं खर्ऱ्याची पैज लावतात, पुढच्या बॉलले काय होईन. मी मदत करतो.

सोल्डरगन, अमरावती

धागा आवडला, पण दोन दुरुस्त्या.

एक, रेडिओची युक्ती फक्त ठिणगी पडत असेल तिथेच चालते. तार तुटून सरळ ओल्या मातीत पडली असेल किंवा ओल्या गवताचा मोठा झुपका तिला चिकटला असेल, तर करंट गुपचूप जमिनीत जातो, आवाज फारसा येत नाही. टिकटिक नाही म्हणजे कुंपण ठणठणीत असं कुणी समजू नये. त्याला टेस्टरच लागतो, कुंपणाचा. घरातला स्क्रू-ड्रायव्हर टेस्टर तिथे अजिबात लावू नका, कुंपणावर हजारो व्होल्ट असतात.

दोन, धागाकर्त्याने अर्थिंगबद्दल एक शब्द लिहिलेला नाही, आणि माझ्याकडे ‘झटका कमी झाला’ म्हणून जितक्या मशीन दुरुस्तीला येतात त्यातल्या बऱ्याचशांत मशीनचा दोषच नसतो. झटका बसायला करंट तारेतून जनावरात, जनावरातून मातीत आणि मातीतून मशीनच्या अर्थिंगच्या दांड्याकडे परत यावा लागतो. आपली काळी माती पावसाळ्यात छान ओल धरते, पण उन्हाळ्याकडे ती फाटते. दांड्याभोवती भेग पडली की मातीशी संबंधच तुटला. दांडा खोल ठोका, भोवती कोळसा-मीठ घाला, अधूनमधून बादलीभर पाणी ओता. लोक हे सोडून बॅटरी बदलतात.

घरातल्या घरघरीवर: मेन बंद करून रेडिओ सेलवर लावा, मग एकेक बटण चालू करत जा. दोषी लगेच सापडतो. तो बदलणं हाच खरा उपाय. काही जण वायरला काळा फेराइटचा मणी लावायला सांगतात. एकदाच ओवलेल्या मण्याने मिडियम वेव्हवर काही होत नाही, वायरचे सात-आठ वेढे त्यातून घ्यावे लागतात, तेव्हा कुठे फरक पडतो. जुन्या कॉम्प्युटर मॉनिटरच्या केबलला जो जाड गोळा असतो त्यात हाच फेराइट असतो. भंगारवाल्याकडे मिळेल.

वावरातला_वायरमन

@सोल्डरगन, अर्थिंगचं शंभर टक्के मान्य. आजच पाणी ओततो.

गोंगाटावर अजून एक: रेडिओ जागच्या जागी फिरवून बघा. फेराइटच्या कांडीचं टोक ज्या दिशेला असतं तिकडचं तिला कमीत कमी ऐकू येतं. टोक गोंगाटाकडे करायचं. केंद्र आणि गोंगाट एकाच दिशेला असतील तर मात्र नशीब खोटं.

बिनतारी_मास्तर

मी निवृत्त शिक्षक, वर्धा जिल्हा. रेडिओचा नाद शाळकरी वयापासून. या धाग्यावर दोन गोष्टी राहून गेल्या असं वाटतं.

पहिली, वीज. रेडिओ मिडियम वेव्हवर असताना कडकड, खरखर असे तुकड्यातुकड्याने आवाज येतात ते पुष्कळदा दूरवरच्या विजांचे असतात. आभाळ डोक्यावर निरभ्र आणि रेडिओत कडकड वाढत चालली, तर वादळ कुठेतरी आहे आणि कदाचित इकडे येतंय. मेघगर्जना साधारण पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही, रेडिओला त्याच्या कितीतरी पुढचं कळतं. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात आपल्या विदर्भात वावरात काम करणारी माणसं विजेने दगावतात, दरवर्षी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, आपण आहोत तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात विजेचा धोका असेल तर ते सांगतं. ते ठेवाच. मात्र नेटवर्क नसेल तिथे रेडिओची कडकड ऐका आणि घरी निघा. झाडाखाली थांबू नका, आणि मचाणावर तर नाहीच नाही.

दुसरी, १५६६ किलोहर्ट्झ. नागपूरजवळ एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर उभा केला होता, १९८८ साली राष्ट्रीय प्रसारण सेवा त्यावर सुरू झाली. देशाच्या मधोमध म्हणून नागपूर. रात्रभर चालणारं केंद्र! दिवसा वातावरणाचा एक थर मिडियम वेव्हच्या आभाळाकडे जाणाऱ्या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्या वरच्या थरावर आपटून फार दूर उतरतात. म्हणून आपल्याला रात्री हैदराबादचं ७३८ लागतं आणि सकाळी गायब होतं. परीक्षेचे पेपर तपासताना मी १५६६ लावून बसत असे. ज्या पोरांना बरे मार्क पडले त्यांनी त्या केंद्राचे आभार मानावेत.

पऱ्हाटीवाला

यंत्रानं यंत्र खाल्लं म्हनता तं आमची मोटर घ्या. मोबाईल स्टार्टर बसवला, पेटीत सिम टाकलं. घरून कॉल मारला की मोटर चालू. थ्री फेजची लाईन रातची असली की थंडीत वावरात जाव लागत नाई, याच्यापेक्षा मोठं सुख नाई, सांगून ठेवतो. पन त्या सिमले बी रिचार्ज पायजेन! ते ना रील पाह्यते, ना कोनाशी बोलते. मोटरीच्या सिमले रोजचा दीड जीबी डेटा घेऊन काय करू? गव्हाले दाखवू?

सोल्डरगन, अमरावती

@पऱ्हाटीवाला, ट्रायने (फोन कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला सांगितलं आहे, डेटा न जोडता. विचारून बघा, दुकानदार आपणहून सांगत नाही.

आणि पेटी जुनी असेल तर ती टूजीवर चालणारी असणार. तिच्यात टूजी न चालवणाऱ्या कंपनीचं सिम टाकून उपयोग नाही, ते जागच होणार नाही. सिम बदलण्याआधी पेटीवरचं लेबल वाचा. माझ्याकडे ‘स्टार्टर जळला’ म्हणून आलेला एक स्टार्टर ठणठणीत होता, घरच्या पोराने सिम पोर्ट करून टाकलं होतं.

पऱ्हाटीवाला

पोर्ट मीच केलं व्हतं, पोराचं नाव कायले घेता. 😄 पॅकचं इचारतो.

वणीची_पुणेकर

विषय सोडून लिहायची परवानगी आहे म्हणून. आमच्या माहेरच्या गावाच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात एक व्हिडिओ येतो, वाघ रस्ता ओलांडतोय, ‘आत्ताच आपल्या शिवारात’. तोच रस्ता, तोच वाघ, मागे बोलणारा माणूस तर कन्नड बोलतो. बाबा तरीही दरवर्षी मला फोन करून सांगतात.

बिनतारी_मास्तर

वाघाचाही संबंध रेडिओशीच आहे, म्हणून लिहितो. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली रेडिओ कॉलर बसवली होती. तो पावसाळ्याच्या तोंडाशी निघाला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणातली शिवारं, नाले, रस्ते ओलांडत वर्षाअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे १,३०० किलोमीटर. कॉलर उपग्रहाला ठिकाण कळवत होती म्हणून तो मार्ग आज नकाशावर काढता येतो. तेव्हा आमच्याही ग्रुपवर असाच कुठलातरी परका वाघ फिरत होता, आणि या खऱ्या वाघाबद्दल एक ओळ नव्हती. त्याची बातमी मला सकाळच्या पेपरात वाचायला मिळाली.

खट्याळ_रोही

मास्तर, त्या वाघाच्या कॉलरले रिचार्ज कोन मारत व्हतं?

पानठेला_चौक

कापसाच्या भावाचं बी तेच चालू हाय. ग्रुपवर भावाचा फोटो येते, तारीख नाई, बाजार समितीचं नाव अर्धं कापलेलं. एकानं तो पाहून बंडी भरली, तिथं गेला तं भाव येगळाच. रेडिओवाला निदान आज कोनता वार हाय ते तं सांगते.

वावरातला_वायरमन

बरं, झटका मशीनवर बोलणं आलंच आहे तर एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण मला खाजगी निरोपात कुणीतरी विचारलं की मशीन न घेता लाईनवरून तार टाकली तर स्वस्त पडेल का.

नाही. बिलकुल नाही. झटका मशीन हजारो व्होल्ट देते, पण क्षणाच्या अगदी बारीक तुकड्यापुरतं, आणि दोन झटक्यांच्या मधे निदान एक सेकंद मोकळा असतो. त्या सेकंदात जनावर किंवा माणूस अंग सोडवून घेतं. लाईनचा २३० व्होल्ट थांबत नाही. हाताचे स्नायू आखडतात आणि तार सुटत नाही. आपल्या भागात अशा तारांना माणसं चिकटली आहेत, वाघ मेले आहेत, आणि कित्येकदा मेलेला माणूस तार लावणाऱ्याच्याच घरचा असतो, पहाटे पाणी द्यायला गेलेला. वर वीजचोरीचं कलम १३५ आहेच, पण मी कलमाची भीती घालत नाहीये. मशीनला पैसे नसतील तर दोघा-तिघांनी धुरे जोडून एक घ्या. आमच्याकडे तसंच आहे. बॅटरीचं पाणी कुणी पाहायचं यावरून भांडण होतं, तेवढं सोसा.

सोल्डरगन, अमरावती

+१. आणि मशीन घेताना दर ठोक्यातली जास्तीत जास्त ऊर्जा किती ज्यूल ते लेबलवर लिहिलेलं हवं. लेबल नसलेली मशीन फुकट दिली तरी लावू नका. कुंपणावर पिवळी पाटी लावा, पोरं शेळ्या घेऊन फिरतात.

खट्याळ_रोही

हे सगळं वाचून मी बी आज घरचा रेडिओ काढला. डिजिटल हाय, आकडे दिसनारा, भाच्यानं देल्ला. तारेजवळ नेला तं आवाजच नाई. माही तार एकदम टकाटक हाय का रेडिओ भंगार हाय?

वावरातला_वायरमन

@खट्याळ_रोही, यावरून लगेच काही ठरवू नका. आकडेवाल्या रेडिओंपैकी पुष्कळांत केंद्र नसलेल्या जागी आवाज आपोआप दाबून टाकायची सोय असते, ऐकणाऱ्याला खरखर नको म्हणून. आपल्याला नेमकी ती खरखरच हवी आहे. दोन गोष्टी करा. आधी बँड एफएमवर नाही ना ते पाहा, एएम किंवा एमडब्ल्यू (मिडियम वेव्ह) हवा. मग एखादं कमजोर केंद्र लावून त्याच्यावरून टिकटिक ऐकू येते का बघा. तरी गप्पच राहिला तर काट्याचा, डायलवाला रेडिओ कुणाकडे तरी माळ्यावर पडलेला असेलच, तो मागून आणा. सेलच्या जागी गंज चढला असेल तर पत्री घासून घ्या. बहुतेकांचं दुखणं तेवढंच असतं.